कुसुमच्या नावाची अंघोळ

बोरगाव मेघ्यात आमच्या ओळीत रेडिओ एकच होता, बंडोपंतांचा. तहसील कचेरीच्या रेकॉर्डखोलीत तीस वर्षं काढलेला माणूस. निवृत्त झाल्यावर बातम्या ऐकायला म्हणून त्यांनी तो बॅटरीवरचा खोका घेतला, आणि छप्पन साली पावसाळा सरल्यावर आम्ही बायकांनी तो ताब्यात घेतला. दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला नागपूरहून ‘सोनटक्क्यांचं बिऱ्हाड’ लागायचं. सात वाजले की बंडोपंतांचा ओटा भरलेला असायचा.

श्रुतिका कसली, शेजारच्या घरातली भांडणंच ती. धाकटी सून कुसुम हिनं आपल्या मनानं लग्न केलेलं, म्हणून तिच्या बापानं, दादासाहेबानं, तिला दार बंद केलेलं. सासरी थोरली जाऊ वरून गोड आणि आतून कडू, नवरा नुसता मान हलवणारा. आम्ही त्यांच्यावरून अशा भांडायचो, की सोनटक्के पलीकडच्या गल्लीतच राहतात असं एखाद्या परक्याला वाटावं. थोरली खरोखर दुष्ट की बिचारी? कुसुमनं नवऱ्याला घेऊन वेगळं व्हावं की सोसावं? आमच्या शेजारची जयवंता तर मधल्या दिरावर अशी चिडायची, की गुरुवारी तिच्या भाजीत मीठ जास्त पडायचं. मी मुलींच्या शाळेत मास्तरीण, म्हणून शेवटचा निकाल माझ्याकडे. निकाल द्यायची मला भारी हौस होती, हे आता कबूल करते.

कुसुम पहिल्यांदा बोलली तो गुरुवार मला लख्ख आठवतो. “आई, मी आले गं,” एवढंच वाक्य होतं. ‘आई’ म्हणताना किंचित लांबवलेला सूर, आणि शेवटी दम लागल्यासारखा श्वास. माझ्या अंगावर काटा आला. मी सुमित्राबाईंकडे पाहिलं. बंडोपंतांच्या त्या पत्नी. खांबाला टेकून वाती वळत होत्या. हात थांबले नाहीत. मी जयवंताकडे पाहिलं, तर ती माझ्याचकडे पाहत होती.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिनं मला गाठलं. “बाई, हे आपली पद्मी होय,” ती म्हणाली. मी तिला गप्प केलं, पण मलाही तेच वाटलं होतं.

पद्मा म्हणजे बंडोपंतांची एकुलती एक मुलगी. चार वर्षांपूर्वी जंगलखात्याच्या डेपोतल्या एका हिंदी मुलखातल्या कारकुनाबरोबर ती निघून गेली. बंडोपंतांनी तीन दिवस वाट पाहिली. चौथ्या दिवशी भर अंगणात, सगळ्या ओळीला दिसेल अशी, तिच्या नावानं अंघोळ करून मोकळे झाले. मेलेल्या माणसाची करतात ती अंघोळ. त्या दिवसापासून त्या घरात तिचं नाव बंद झालं, आणि बंडोपंतांचा धाक असा की आमच्याही घरांतून ते बंद झालं. तिचा फोटो, तिची पाटी, सगळं गेलं. सुमित्राबाई अल्लीपूरच्या शेतकरी घरातल्या, मुळातच कमी बोलणाऱ्या. त्यानंतर त्या हो-नाईवर आल्या.

माझंही त्यात पाप आहे. जायच्या आदल्या दिवशी पद्मा माझ्याकडे आली होती. नानांशी, म्हणजे बापाशी, तुम्ही बोला, तुमचं ते ऐकतील, म्हणून रडली. मी तिला अर्धा तास उपदेश केला आणि चहा देऊन परत पाठवलं. मास्तरणीला दुसरं येतं काय? चार वर्षं तो चहा माझ्या घशात अडकला होता. म्हणून सांगते, रेडिओतून तो आवाज आला तेव्हा भीती वाटली आणि त्याहून जास्त आनंद झाला. पोरगी जिवंत होती, धड होती, नागपुरात चार पैसे मिळवत होती. मला एवढंच हवं होतं.

त्यानंतर ओट्यावरच्या गप्पांना वेगळंच वळण लागलं. कुसुमबद्दल बोलायचं आणि सुमित्राबाईंना ऐकवायचं. जयवंता म्हणायची, लेक कशीही वागली तरी आईनं एक कार्ड टाकायला काय हरकत आहे. दुसरी म्हणायची, दादासाहेब मनातून झुरत असणार, पुरुषाला बोलता येत नाही. कधी कुसुमच्या लहानपणाची गोष्ट निघायची, जी श्रुतिकेत कधी आलीच नव्हती. तिला बोरं किती आवडायची, शाळेच्या संमेलनात ती कशी घाबरली होती. ते सगळं पद्माचं होतं. आणि एखादीच्या तोंडून चुकून ‘पद्मी’ निसटायचं, मग ओटाभर शांतता पसरायची. सुमित्राबाई वात वळत राहायच्या. पण त्या उठून जात नसत, आणि गुरुवारी सगळ्यांत आधी सतरंजी त्याच अंथरत.

आत बंडोपंत असायचे. रेडिओ तापायला वेळ लागतो म्हणून सात पंचवीसलाच ते कळ फिरवत आणि आमच्याकडे पाठ करून खुर्चीत बसत. बाकीची पात्रं बोलत तेव्हा आवाज बेताचा असे. कुसुम आली की त्यांचा हात कळीकडे जाई आणि आवाज वाढे. ज्या घरात तिचं नाव घ्यायची बंदी, त्या घराच्या भिंतींतून तिचा आवाज घुमायचा. “आई, मी आले गं.” त्या वेळी ओट्यावर कोणी कोणाच्या डोळ्यांत पाहत नसे. घरी परतताना मला माझ्या मागून कोणी चालतंय असं वाटायचं आणि मी वळून पाहायचे नाही.

पौषात कुसुम आजारी पडली. तिचं काही खरं नाही हे दोन गुरुवारांत आम्ही ओळखलं आणि ओटा हवालदिल झाला. जयवंतानं ठरवलं की नागपूरला पत्र लिहायचं. मी लिहिलं. कुसुमला मारू नये, दादासाहेबांनी जाऊन तिला माहेरी आणावं, बोरगावच्या समस्त श्रोत्या भगिनींची विनंती. अकरा जणींनी सह्या केल्या. सुमित्राबाईंपुढे कागद ठेवला तर त्यांनी तो हळूच परत सरकवला.

“तिले जाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “जाणाऱ्याले काऊन अडवता?”

जयवंता घरी जाताना वाटभर बडबडत होती. आई आहे की दगड, म्हणाली. मीही तिला गप्प केलं नाही.

पत्राचा काही उपयोग झाला नाही. पुढच्याच्या पुढच्या गुरुवारी कुसुम गेली. दादासाहेब दारापर्यंत आला आणि उशीर झाला होता. ओट्यावर एकीच्याही डोळ्यांतल्या पाण्याला खळ नव्हता. मी पदर तोंडात कोंबून रडले. आत बंडोपंतांनी रेडिओ बंद केला, पण खुर्चीतून उठले नाहीत.

तेवढ्यात सुमित्राबाई उठल्या. वातींचं ताट बाजूला ठेवलं, मागच्या अंगणात गेल्या, टाक्यातून बादली भरली आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून ओतली. दुसरी भरली, ओतली. पौषातली थंडी. आम्ही दारात गोळा होऊन पाहत राहिलो. मयताची बातमी कळल्यावर घरच्या माणसानं करायची अंघोळ होती ती. तिसऱ्या बादलीनंतर त्या तशाच निथळत चुलीपाशी जाऊन बसल्या.

ओळीत एकच बभ्रा झाला. बापानं जित्या पोरीच्या नावानं पाणी घेतलं, आता आईनंही घेतलं. नाटकात मरण आलं त्याचं निमित्त करून पोरीला दुसऱ्यांदा मारलं. जयवंतानं त्यांच्या घरी पाऊल टाकणार नाही म्हणून शपथ घेतली. मला तर संताप आवरेना. एवढ्या सगळ्या गुरुवारांत त्या बाईला आपल्या लेकीचा आवाज कळला नसेल? मग मीच ठरवलं. नागपूरला जायचं, पद्माला भेटायचं, आणि चार वर्षांपूर्वी जे बोलायला हवं होतं ते बोलायचं. तिला मी घेऊन येणार होते. बंडोपंतांनी दार लावलं तर माझ्या घरी ठेवणार होते.

शनिवारी शाळेतून रजा काढून मी सकाळची पॅसेंजर धरली. शनिवारी दुपारी सगळ्याच श्रुतिकांच्या तालमी असतात हे जयवंतानं कुठूनसं काढलं होतं. रेडिओ केंद्रावरच्या चपराशाला विनवण्या केल्या, तेव्हा त्यानं व्हरांड्यात बसवलं आणि ‘कुसुमबाईं’ना बोलवायला गेला. मी उभीच राहिले. काय म्हणायचं ते मनात घोळवत होते.

बाहेर आली ती चाळिशीची, अंगानं भरलेली, पान खाल्लेली बाई. मीरा असं नाव सांगितलं. तीन मुलांची आई होती. मी म्हटलं, मला कुसुमचं काम करतात त्या हव्या आहेत. ती हसली आणि दम लागल्यासारखा श्वास सोडून म्हणाली, “आई, मी आले गं.” त्या व्हरांड्यात, भर दुपारी, त्या तोंडातून तो आवाज. मी खाली बसले. तिनं मला पाणी दिलं. तुमचं पत्र आलं होतं, म्हणाली, आम्ही सगळ्यांनी वाचलं, पण आधीच लिहून झालं होतं हो.

परतीच्या गाडीत मी किती रडले ते सांगत नाही. पद्मा नव्हती. कधीच नव्हती. तीन-चार महिने आम्ही एका परक्या बाईच्या घशात तिला बसवलं होतं. आणि आता हे तिच्या आईला सांगायचं कोणी?

रविवारी दुपारी बंडोपंत बाहेर गेलेले पाहून मी गेले. सुमित्राबाई तूर निवडत होत्या. मी सुपाशेजारी बसले आणि एका दमात सांगून टाकलं. त्यांनी मान वर केली नाही.

“मले मालूम हाये,” त्या म्हणाल्या. “माह्या पोरीचा आवाज मले समजणार नाई का? पयल्याच गुरुवारी समजलं, हे ते नाई.”

मग बोलल्या का नाही, मी विचारलं.

“कायले बोलू? चार वर्षांत तिचं नाव कोनी घेतलं नाई. तुमी साऱ्या माह्या ओट्यावर बसून तिच्या गोष्टी करत होत्या. तिले बोरं आवडे म्हनून.” त्यांनी एक खडा उचलून बाजूला टाकला. “पद्मी गेली, बाई. दोन वर्सं झाली. बाळंतपनात. तिच्या मालकानं बालाघाटाहून कार्ड टाकलं होतं. म्या एकेक अक्षर लावून वाचलं.”

 मी बंडोपंतांना माहीत आहे का ते विचारलं.

“यायलेच दाखवलं पयले. म्हनाले, तिची अंघोळ एकदा झाली हाये. एका मानसाची दोनदा कशी करतात? कार्ड चुलीत टाकलं. मले रडायची सोय राह्यली नाई. गुरुवारी तुमी अकरा जनी रडून राह्यल्या होत्या. मले वाटलं, आता पानी घेऊन घ्याव.”

तूर निवडून झाली तरी मी तिथंच बसून होते. निघताना त्यांनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

“ओट्यावरच्या बायकायले सांगू नका,” त्या म्हणाल्या. “पद्मी भेटली म्हना. बरी हाये म्हना. नाई तं जयवंता तिचं नाव घेनं सोडून देईन.”

खोटं बोलायची मला सवय नाही. पोरींना त्यासाठी मी छड्या मारलेल्या आहेत. पण पुढच्या गुरुवारी ओट्यावर गेले, तेव्हा सगळ्या आधीच येऊन बसल्या होत्या, शपथ घेतलेली जयवंतासुद्धा. नागपुरात काय झालं ते ऐकायला जीव टांगणीला लागला होता त्यांचा. जयवंतानं दबक्या आवाजात विचारलं, भेटली का?

मी सुमित्राबाईंकडे पाहिलं नाही. “भेटली,” म्हटलं. “पद्मा भेटली. बरी आहे. जरा अंगानं सुटली आहे.”

मी पद्मा म्हटलं ते मुद्दामच मोठ्यानं म्हटलं. बायकांच्या तोंडावर असं काही ऊन आलं की मलाही क्षणभर ते खरं वाटलं. कुठं राहते, मूलबाळ काय, लुगडं कुठलं नेसली होती, एकेक प्रश्न येऊ लागला आणि मी उत्तरं देत गेले. सात पंचवीस होऊन गेले तरी आतून रेडिओची खरखर आली नाही, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

मग दारात सावली पडली. बंडोपंत ओट्यावर कधी येत नसत. ते चौकटीला हात धरून उभे होते आणि माझ्याकडे पाहत होते. आता माझी फजिती होणार, सगळ्यांसमोर हा माणूस ते कार्ड बोलून दाखवणार, असं मला वाटलं. मी उठून उभी राहिले.

“माझ्याबद्दल काही म्हणाली का?” त्यांनी विचारलं.

 सुमित्राबाईंच्या बोटांतली वात तशीच राहिली.

“विचारत होती,” मी म्हटलं. “नानांची तब्येत कशी आहे म्हणून.”

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. ओठ काही तरी जुळवत होते. मग माझ्याकडे न पाहता, रस्त्याकडे पाहत, म्हणाले, “पुन्हा जाल तेव्हा मला सांगा, इंदिराबाई. मी येतो तुमच्याबरोबर.”

मी हो म्हटलं.