आधी बेघर व्हा!

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याच्या आयुष्यात एक वाक्य कधी ना कधी येतंच. घरमालक दारात उभा राहतो, आत या म्हटलं तरी येत नाही आणि भिंतीकडे बघत सांगतो, "पुढच्या महिन्यापासून भाडं वाढवतोय. जमत असेल तर राहा." ज्यांनी हे ऐकलंय त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांनी नाही ऐकलं, त्यांच्यासाठी ही गोष्ट.

साहेबांच्या आईला सांभाळणाऱ्या ताईने ते वाक्य आदल्या संध्याकाळीच ऐकलं होतं. साहेब म्हणजे महापालिकेच्या भाडेमदत विभागाचे प्रमुख. बेघर माणसाने खोली भाड्याने घेतली, की तिच्या भाड्याचा काही वाटा पालिकेने उचलायचा, अशी ती योजना होती. घरी ते आणि आई, दोघंच. आईने उभं आयुष्य सरकारी इस्पितळात सिस्टर म्हणून काढलं होतं आणि आता खुब्याचं हाड मोडून ती अंथरुणाला खिळली होती. अंग खिळलं होतं, जीभ नव्हे.

तिचं सगळं ताई करायची. अंग पुसणं, भरवणं, औषधं देणं आणि मुख्य म्हणजे दर थोड्या वेळाने कुशीवर वळवणं. पडून असलेल्या माणसाचा भार एकाच जागी राहिला की तिथली कातडी मरते आणि जखम होते. ताई उजाडताच यायची आणि आजींना शेवटचं वळवून, गुडघ्यांमध्ये उशी सारून, मगच रात्री घरी जायची.

त्या सकाळी तिने विषय काढला.

"दादा, तुमच्याच खात्यात भाड्याला मदत मिळते ना? मालकाने भाडं जवळजवळ दुप्पट केलंय. आम्ही दोनच माणसं, सासरे आणि मी. थोडा हातभार लागला तरी खोली टिकेल."

साहेब शर्टाची बटणं लावत होते. "ती मदत बेघरांना आहे, ताई. तुम्हाला घर आहे."

"महिनाअखेरपर्यंत आहे."

"मग त्यानंतर अर्ज करा. निवारागृहात सलग महिनाभर राहिल्याची हजेरी लागते. ती झाली की मी स्वतः लक्ष घालतो."

ताईच्या हातातला ओला पंचा तसाच राहिला. "म्हणजे मी आधी रस्त्यावर यायचं, आणि मग तुम्ही मला घर द्यायचं?"

"नियमच तसा आहे."

नियमच तसा आहे! जणू नियम आभाळातून पडतात! हा नियम खुद्द साहेबांनी, पंख्याखाली बसून, स्वतःच्या हाताने लिहिला होता. खऱ्या गरजूलाच मदत मिळावी, लबाडांचं फावू नये, हा त्यामागचा हेतू. वरिष्ठांनी त्याबद्दल पाठ थोपटली होती. आणि नुकताच, योजना वाढवून भाडं थकलेल्यांनाही सामील करावं, असा प्रस्ताव समितीपुढे आला, तेव्हा तो कसा अनावश्यक आहे याचं टिपणही साहेबांनीच तयार केलं होतं.

पलंगावरून आवाज आला, "बैल गेला आणि झोपा केला, हे ऐकलं होतं. बैल जाईपर्यंत झोपा बांधूच नका, असा हुकूम काढणारा तूच पहिला!"

"आई, तुला त्यातलं कळत नाही."

"मला नाही कळत. हिला कळतंय, कारण हिचा बैल जातोय."

साहेब अगदीच दगड होते असं नाही. त्यांनी ताईला आगाऊ पगार देऊ केला. ताई म्हणाली, "आगाऊ घेऊन या महिन्याची उपासमार पुढच्या महिन्यावर ढकलू का?" आईने सांगितलं, "इथेच राहा, हॉलमध्ये गादी टाकू." ताई म्हणाली, "मी राहीन आजी. सासऱ्यांना कुठे ठेवू? त्यांना डोळ्यांनी दिसत नाही." नवरा केव्हाच घर सोडून गेला होता, पण त्याच्या बापाला तिने टाकलं नव्हतं. आता साहेबांनी एवढंच म्हणायचं होतं, की त्यांनाही घेऊन या. ते म्हणाले नाहीत. घड्याळाकडे बघून ऑफिसला निघून गेले. आपणही बहुतेक तेच केलं असतं, म्हणून साहेबांना नावं ठेवताना जरा जपून.

महिना संपला. ताईचं सामान मालकाने जिन्यात आणून ठेवलं. ती महिलांच्या निवारागृहात गेली आणि सासरे पुरुषांच्या, शहराच्या दुसऱ्या टोकाला. निवारागृहाचं फाटक अंधार पडायच्या आत बंद व्हायचं आणि सकाळी उशिरा उघडायचं. एका संध्याकाळची हजेरी चुकली तरी आधीचे सगळे दिवस रद्द आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. हाही साहेबांचाच नियम. त्यामुळे ताई दुपार कलली की निघायची आणि उन्हं चढल्यावर यायची. एवढा वेळ आईला वळवायचं काम साहेबांकडे आलं.

त्यांनी गजर लावले. पहिल्या रात्री उठले, दुसऱ्या रात्री अर्धवट उठले. नंतर गजर वाजत राहिला आणि साहेब घोरत राहिले. आईने हाक मारली नाही. पोरगा दिवसभर काम करून दमलाय, हे तिचं आईपण, आणि तेच तिच्या अंगाशी आलं.

एका रविवारी सकाळी ताई आजींची पाठ पुसत असताना एकदम ओरडली, "साहेब! इकडे या!"

दादा म्हणणारी ताई आज साहेब म्हणाली. तोंडातला ब्रश तसाच घेऊन ते धावत आले.

"हे बघा! हे काय केलंत?"

कमरेच्या खाली, माकडहाडावर, तळहाताएवढा लाल डाग होता. मधोमध कातडी सोललेली.

आई भिंतीकडे तोंड करून होती. तिने शांतपणे, जणू वॉर्डात नव्या पोरीला शिकवावं तसं विचारलं, "कडेला बोटाने दाब. पांढरं पडतंय का?"

साहेबांनी दाबलं. "नाही."

"मग आत गेलंय. बेडसोर झालाय मला. चाळीस वर्षं नोकरी केली, माझ्या वॉर्डात एकालाही होऊ दिला नव्हता."

साहेब गडबडले. डॉक्टरांना बोलावतो, मलमपट्टीला नर्स लावतो, हवेची गादी आणतो, असं काहीबाही बोलत सुटले. मग ताईकडे वळून त्यांनी आवाज खाली आणला. "ताई, तुम्ही उद्यापासून पूर्वीसारख्या या. निवारागृहात मी शब्द टाकतो. तुमची हजेरी लागत राहील. कोणी विचारणार नाही."

आणि आई कडाडली!

"वशिला लावतोस? लाज वाटत नाही? स्वतःच्या आईची पाठ सोलली तेव्हा तुझा नियम वाकला! मग त्या निवारागृहात आणखी शंभर बाया असतील, त्यांच्यासाठी का नाही वाकला? कुणाचं काम गेलं असेल, कुणाच्या पोराची शाळा सुटली असेल. त्यांच्या घरात साहेब नाही, एवढीच ना त्यांची चूक?"

"आई, सगळ्यांना द्यायचं म्हटलं तर पैसा कुठून..."

"पैसा? हिने मला वळवायला काय लागत होतं? दोन हात आणि एक उशी. आता डॉक्टर लागेल, नर्स लागेल, मलमं लागतील, आणि जखम भरेल की नाही ते देव जाणे. खोली टिकवायला थोडंसं भाडं लागत होतं. ते नाही दिलंस. आता निवारागृहाची खाट दे, जेवण दे, रखवालदार दे, आणि शेवटी भाडंही दे! तुझी योजना म्हणजे जखम होईस्तोवर माणसाला हलवू नका, झाली की मलम फुकट!"

ताईने जखम धुतली आणि आजींना कुशीवर वळवलं. तिने फक्त एवढंच म्हटलं, "हजेरी खोटी नको. उद्या पकडले गेले तर लबाड मी ठरेन."

लबाडांना रोखण्यासाठी लिहिलेला नियम! पहिला लबाडीचा सल्ला तो लिहिणाऱ्यानेच दिला होता. साहेब न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि लहान मुलासारखे रडले.

दोन दिवसांनी समितीची बैठक होती. सभापतीबाईंनी टिपण समोर ओढलं. "प्रस्ताव अनावश्यक आहे असं तुमच्या विभागाचं मत आहे. बरोबर?"

"मत चुकीचं आहे," साहेब उभे राहून म्हणाले. "ते मी लिहिलं होतं आणि ते मी मागे घेतो."

एक सदस्य हसला. "अहो, भाडं थकलं म्हणून मदत द्यायला लागलात तर उद्या सगळं शहर हात पसरेल!"

"पसरेल. पण कोण किती अडचणीत आहे ते तपासायलाच तर आम्हाला पगार मिळतो! आजवर आम्ही ते काम टाळत आलो. माणूस रस्त्यावर आला की गरजू, असं ठरवून मोकळे झालो. ज्याच्या दारात मालक उभा आहे त्याला आम्ही सांगतो, आज जा, उद्ध्वस्त होऊन ये. माझ्या आईला सांभाळणाऱ्या बाईला मी स्वतः हे सांगितलं. शर्टाची बटणं लावता लावता सांगितलं! बेघर लोक कमी करायला बसलोय आपण, आणि आपलाच नियम रोज नवे बेघर तयार करतोय!"

बरीच बाचाबाची झाली, आकडे फेकले गेले, दोनदा टेबलं आपटली गेली. शेवटी प्रस्ताव थोडक्या मतांच्या फरकाने मंजूर झाला. यापुढे घर सोडण्याची वेळ आलेल्यांनाही भाड्याची मदत मिळणार होती, हातात खोली असतानाच.

ताईला त्याचा उपयोग झाला नाही. तिची खोली केव्हाच दुसऱ्याला गेली होती. तिला मदत मिळाली ती जुन्याच नियमाने, हजेरी पुरी झाल्यावर. मंजुरीचा कागद साहेब स्वतः तिच्या नव्या खोलीवर घेऊन गेले.

"ताई, अभिनंदन," असं त्यांच्या तोंडून निघून गेलं.

ताईने कागद घेतला. "कशाचं अभिनंदन, साहेब? मी बेघर नव्हते. तुम्ही मला बेघर केलंत आणि आता घर देताय. आभार मानू?"

"नका मानू," साहेब म्हणाले. "मला माफी मागायची होती."

आत म्हातारे सासरे भिंतीला हात लावून उभे होते. जुन्या खोलीतला कोपरा न् कोपरा त्यांच्या हातांना ओळखीचा होता. निवारागृहात रोज नवी खाट. रात्री उठलं तर वाट सापडणार नाही, या भीतीने त्यांनी पाणी पिणंच सोडलं होतं, आणि त्यात त्यांची तब्येत पार ढासळली. नंतर त्यांचं मनही थाऱ्यावर राहिलं नाही. माणसाची चाहूल लागताच ते दाराच्या दिशेने वळले.

"सूनबाई, कोण आलंय? आपल्याला न्यायला आलेत का? आपण घरी कधी जायचं?"

ताई त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिली. साहेबांना तिथे उभं राहवेना.

नागरिकहो, उद्या तुमच्या भागात भाड्याच्या मदतीची गोष्ट निघेल, तेव्हा कुणीतरी शहाणा म्हणेलच, की आधी खरे बेघर कोण ते ठरू द्या. त्याला तिथल्या तिथे अडवा! रस्त्यावर आलेल्याला घर द्यायलाच हवं, पण ज्याचं घर जाणार आहे त्याचं घर आधी वाचवा. कारण पालिका फार तर दुसरी खोली देऊ शकते. गेलेलं घर कुठलीच पालिका परत देऊ शकत नाही.