हरलेला आधी

मी एक जुना पत्र्याचा टब आहे. आंघोळीचा नव्हे, बर्फाचा. माझ्यात आजवर कुणी हौसेनं बसलेलं नाही.

मित्रांनो, माझं काम बधीर करण्याचं. बास्केटबॉलचा सामना संपला की खेळाडू खाली येत आणि माझ्यातल्या बर्फाच्या पाण्यात कमरेपर्यंत बसत. आधी दात वाजवत, मग माझ्या नावानं खडे फोडत, आणि थोड्या वेळानं गप्प होत. गप्प झाले की समजायचं, काम झालं. दुखणं काही जात नाही हो, फक्त कळेनासं होतं. इतकी वर्षं बर्फ पोटात घेऊन माझंही तेच झालं आहे. आनंद काय आणि दुःख काय, मला फारसा फरक कळत नाही. तेव्हा मी गळा काढीन अशी वाट बघू नका. जसं घडलं तसं सांगतो.

मला बनवलं होतं एका लाँड्रीसाठी, चादरी भिजत घालायला. वेल्डरला त्या दिवशी घरी जायची घाई असावी, कारण माझ्या आतला एक जोड त्यानं घासून गुळगुळीत केलाच नाही. लाँड्री बंद पडली, सामान विकायला निघालं आणि स्टेडियमच्या मामांनी मला उचलून आणलं. पुढे तो जोड प्रत्येक नव्या खेळाडूच्या पाठीला लागला. नवा ओरडला की जुने म्हणत, "झाला बाबा भरती!"

मामा म्हणजे स्टेडियमचं सगळं बघणारे. दिवे, नळ, फरशी, फाटलेल्या जाळ्या आणि बर्फ. शहरात संघ दोन होते, निळा आणि लाल, आणि स्टेडियम मात्र एकच. एकीकडे निळ्यांची खोली, दुसरीकडे लालांची, मध्ये पॅसेज आणि पॅसेजमध्ये मी. दोन्ही संघ एकमेकांना पाण्यात पाहत. मी तर दोघांनाही खरोखरच पाण्यात पाहिलं आहे. मार लागला की लाल संघाच्या नडग्यासुद्धा निळ्याच पडतात.

सुरुवातीला माझ्यावरून भांडणं होत. एकदा लालांनी निळ्यांचे सगळे कपडे माझ्यात बुडवले, तेव्हा मामांनी हातातली बादली आपटली. म्हणाले, "बास झालं! आजपासून हरलेला आधी बसेल. जिंकलेल्याला आज कशानं दुखतंय?" तेव्हापासून ताजा, खणखणीत बर्फ हरलेल्यांना आणि वितळलेलं पाणी जिंकलेल्यांना. मला निकाल बघावा लागत नसे, आधी कोण आलं त्यावरून कळे. तसा माझ्यासमोरच्या भिंतीवर एक पडदा होता आणि त्यावर सामना दिसे. माझ्या पाण्यात त्याचं प्रतिबिंब पडे. त्यामुळे मी सगळे सामने उलटे पाहिले आहेत.

आता दाजी आणि बारक्या. दाजी निळ्यांचे. बास्केटखाली उभं राहायचं आणि येईल तो चेंडू परतवायचा, हे त्यांचं काम. बारक्या लालांचा. नाव बारक्या, पण दारातून यायचं तर त्याला मान वाकवावी लागे. घरातलं शेंडेफळ म्हणून पडलेलं नाव, ते चिकटलं. बारक्याची ताई ही दाजींची बायको. तो दाजी म्हणे म्हणून मामा, पंच, तिकीटवाले, सगळेच त्यांना दाजी म्हणू लागले. अख्खं स्टेडियम त्यांची सासुरवाडी झालं.

बारक्याच्या पहिल्याच सामन्यात त्याची पहिलीच उडी दाजींनी हवेत अडवली आणि चेंडू प्रेक्षकांत भिरकावून दिला. ताई दोघांना घरी न्यायला खाली आली होती. ती शाळेत शिकवायची, त्यामुळे तिचा आवाज पॅसेजभर पोचे.

"अहो, पहिलाच सामना त्याचा. एक जाऊ दिला असता तर काय बिघडलं असतं?"

"घरी तो तुझा भाऊ," दाजी म्हणाले. "इथं तो लाल. सूट दिली असती तर त्याचाच अपमान झाला असता."

बारक्या माझ्यात बसून कुडकुडत होता. म्हणाला, "बरोबर आहे दाजींचं, ताई. सूट द्यायची नाही, घ्यायची नाही. दाजी, पुढच्या वेळी बघून घेतो."

"बघ की!" दाजी हसले. माझ्या कडेवर हात टेकूनच त्यांनी ते ठरवलं.

वर्षं गेली. निळे अंतिम मालिकेत येत आणि लालांकडून हरून जात. चषकाला दाजींचा हात कधी लागला नाही. मग त्यांचा शेवटचा हंगाम आला आणि मालिका पुन्हा त्याच दोघांत लागली. जो आधी चार सामने जिंकेल, त्याचा चषक. एक सामना निळ्यांनी घेतला की पुढचा लालांनी ओढून नेला. कुणाचा ओठ फुटला, कुणाचं बोट निखळलं. खेळाडू एकमेकांशी बोलेनासे झाले. माझ्यापाशी रांगेत उभे राहिले तरी भिंतीकडे बघत.

मालिका अर्ध्यावर आली त्या दिवशी निळे हरले. दाजी सगळ्यांत शेवटी माझ्यात बसले. बाकीचे निघून गेले होते. बारक्या आपल्या पाळीची वाट बघत स्टुलावर बसला होता. दाजी माझ्या कडा धरून उठायला गेले आणि त्यांचा डावा पाय दुमडला. बारक्यानं धावत जाऊन त्यांना काखेत हात घालून धरलं, बाहेर काढलं आणि गुडघा बघितला. टम्म सुजला होता.

"दाजी, हे काय?"

"आत काहीतरी फाटलंय. डॉक्टर म्हणतात, आणखी खेळलात तर सरळ चालणं विसरा."

"ताईला माहीत आहे?"

"तिला कळलं तर ती माझे बूट विहिरीत टाकेल. घरी बोलायचं नाही."

"आणि मैदानावर? तुम्हाला तर डावीकडे वळताच येणार नाही."

दाजींनी टॉवेलनं पाय पुसला. "मैदानावरचं आपलं कधीच ठरलंय," ते म्हणाले.

बारक्या उठून आपल्या खोलीत गेला. त्या दिवशी तो माझ्यात बसलाही नाही.

त्यानंतर बारक्याचा खेळ बदलला. तो बास्केटकडे धावून जाईना. लांबूनच चेंडू टाकायचा, पडला तर पडला. तरी मालिका तीन-तीन अशी बरोबरीत आली. शेवटच्या सामन्याआधी लालांच्या कोचनं त्याला पॅसेजमध्ये गाठलं.

"दाजीचा डावा पाय मला धड दिसत नाही. तू त्याच्या घरचा माणूस. काही माहीत आहे?"

"नाही, सर."

"मग आज डावीकडून घुसून बघ. लांबून दगड मारल्यासारखा काय खेळतोयस?"

कोच गेले आणि ताई आली. "बारक्या, खरं सांग. हे जिना उतरताना कठडा धरतात. विचारलं तर म्हणतात, कठडा गार लागतो म्हणून धरतो. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"मला काय माहीत, ताई."

"त्यांच्या अंगावर तूच धावून जातोस आणि तुला माहीत नाही?" तिचा आवाज एकदम बारीक झाला. "नको सांगूस. पण जप रे त्यांना."

बारक्यानं मान हलवली. कोचसमोर खोटं बोलला, बहिणीसमोर खोटं बोलला, आणि दोन्ही वेळा माझ्या पाण्याकडे बघत बोलला.

थोड्याच वेळात दाजी एकटे आले. सामन्याआधी माझ्याकडे कुणी येत नसतं. त्यांनी फक्त डावा पाय माझ्यात घातला, भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. पायाला काही कळेनासं झाल्यावर बूट घातला आणि वर गेले. मी माझं काम केलं होतं.

तो सामनाही मी उलटाच पाहिला. माझ्या पाण्यात माणसं छताला लटकून धावत होती. मामा बर्फाचं फावडं हातात घेऊन पडद्यासमोर उभे होते आणि "अरे, धर! अरे, सोड!" एवढंच म्हणत होते. शेवटचा क्षण आला तेव्हा निळे एका गुणानं पुढे होते, पण चेंडू बारक्याच्या हातात होता. समोर एकटे दाजी. त्यांची डावी बाजू उघड्या दारासारखी मोकळी पडली होती. बारक्यानं तिकडे पाहिलं. अगदी नीट पाहिलं. आणि तो उजवीकडून गेला.

दाजी उडाले आणि त्यांनी चेंडू हवेत अडवला. बारक्याच्या पहिल्या सामन्यात अडवला होता, तसाच. खाली आले ते डाव्या पायावर. भोंगा वाजला. छत हादरलं, माझं पाणी थरथरलं. निळे जिंकले होते. सगळे नाचत होते, फक्त दाजी चेंडू पोटाशी धरून उभे होते. पडद्यावर तो क्षण पुन्हा पुन्हा दाखवत होते, आणि पुन्हा पुन्हा बारक्या डावीकडे बघून उजवीकडे जात होता. मामांनी फावडं खाली ठेवलं. "हे काय केलंस रे पोरा," ते म्हणाले.

मग मामांनी ताजा बर्फ ओतला. आधी बारक्या आला. हरलेल्याचा मान त्याचा. तो बुटाच्या नाड्या सोडत होता, तेवढ्यात दाजी भिंत धरत धरत आले. गळ्यात पदक, मागे निळ्यांच्या खोलीत आरडाओरडा आणि टाळ्या. त्यांनी बारक्याकडे बघितलंही नाही. ते बुटांसकट, पदकासकट माझ्यात येऊन बसले.

"अहो दाजी, आज तुमचा नंबर नंतर," मामा म्हणाले. "आज तुम्ही जिंकलात."

"कोण म्हणतं?" दाजी म्हणाले.

मामा फावडं उचलून चालते झाले. बारक्या एक बूट हातात घेऊन तसाच बसला.

"डावी बाजू मोकळी होती," दाजी म्हणाले.

"दिसली नाही."

"खोटं बोलू नकोस."

"ताई म्हणाली, जप त्यांना. मग मी काय करणार होतो? तुम्हाला आयुष्यभरासाठी लंगडं करू?"

"गुडघा माझा आहे ना? मग मला विचारायचं होतंस. ताईनं सांगितलं, तू ठरवलंस, आणि मी? इतकी वर्षं या चषकासाठी घासली मी. आणि शेवटी तू मला कच्चा लिंबू केलंस."

मित्रांनो, कच्चा लिंबू म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. खेळायला घेतात, पण आऊट झाला तरी धरत नाहीत. बारक्यानं तोंडावर हात घेतला. ताई कोरडे कपडे घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. माझ्यातला बर्फ हळूहळू वितळत होता. शेवटी दाजी म्हणाले, "मला उठता येत नाहीये." मग दोघा भावंडांनी मिळून त्यांना बाहेर काढलं.

गुडघा वाचला नाही. सूट देऊनही वाचला नाही, कारण उडी तर त्यांनी मारलीच होती. दाजी त्यानंतर काठी घेऊन चालू लागले. चषकाबरोबरच्या फोटोत ते नाहीत.

स्टेडियमला पुढे नवे टब आले, यंत्रानं आपोआप गार होणारे. मामा निवृत्त झाले आणि मी भंगारात निघालो. मामांनी ताईला कळवलं. तिनं मला आणून मागच्या अंगणात ठेवलं, झाडांसाठी पाणी साठवायला. पण न घासलेल्या त्या जोडाला गंज चढला होता आणि तिथूनच मी गळायला लागलो. आता मी कोरडाच असतो. माझ्यासमोरच्या भिंतीवर एक जुनी रिंग ठोकलेली आहे.

बारक्या दर रविवारी येई. चहा घेई, हवापाण्यावर बोले, जाई. त्या सामन्याचं नाव कुणी काढत नसे. वर्षामागून वर्षं अशीच गेली. बर्फात मी नव्हतो, ते दोघे होते.

मग एका रविवारी बारक्यानं कप खाली ठेवला, कोपऱ्यातला चेंडू उचलला आणि दाजींसमोर येऊन उभा राहिला. त्याच्याही केसांत आता पांढरं दिसत होतं.

"दाजी, विचारू का एक?"

"विचार."

"डावीकडून येऊ?"

ताई खिडकीत होती. दाजींनी त्याच्याकडे पाहिलं. मग काठी भिंतीला टेकवून ठेवली, रिंगखाली गेले आणि दोन्ही हात वर केले. "ये," ते म्हणाले. "आणि नीट ये."

बारक्या डावीकडून आला. सगळा जीव लावून आला. दाजी वळले, पाय वळला नाही, आणि चेंडू त्यांच्या बोटांवरून जाऊन रिंगमध्ये पडला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी शेवटी मागणं मागायचं असतं. मला घासा, रंग लावा, असं मी म्हणणार नाही. माझं चाललंय ते ठीक आहे. तुम्हाला कुणाला जपायचं असेल तर आधी त्यालाच विचारा. आणि त्यानं सांगितलेलं ऐका, पटलं नाही तरी ऐका. मी सगळ्यांना बधीर केलं, पण कुणाला काही विचारायची मला सोय नव्हती. तुम्हाला आहे.

दाजी काठीशिवाय लंगडत माझ्यापर्यंत आले. बारक्या दम खात उभा होता. त्यालाही बसायचं होतं, पण दाजींनी त्याला हातानं मागे सारलं आणि माझ्या कडेवर टेकले.

"सरक तिकडे," ते म्हणाले. "हरलेला आधी."