उन्हातला आकडा

मी एक जुनी गाडी आहे, पण मित्रांनो, माझ्या पोटात शेगडी आहे, मोरी आहे, झोपायला दोन बाकं आहेत आणि कपबश्यांसाठी एक फळीसुद्धा आहे. लोक मला घरगाडी म्हणतात. घर म्हणावं तर मला चाकं आहेत आणि गाडी म्हणावं तर मला पडदे आहेत. माझं वय सव्वीस वर्षं. गाडीच्या मानाने हे म्हातारपणच, पण माझं सगळ्यांत सुखाचं वर्ष मात्र चालू वर्षच आहे. ते कसं, हे सांगायलाच मी आज तोंड उघडलं आहे. तोंड म्हणजे बॉनेट.

जन्मले तेव्हा मी घर नव्हते. मी एका बेकरीचा पाव दुकानादुकानांत पोचवत असे. माझ्या अंगाला सदा ताज्या पावाचा वास यायचा आणि वाटेतली कुत्री मला ओळखायची. नऊ वर्षांनी बेकरीने मोठी गाडी घेतली आणि मला एका सुताराने नेलं.

त्या सुताराने पहिले पंधरा दिवस मला हातोडा लावलाच नाही. तो नुसता मोजत बसे. त्याचा एक नियम होता: जड ते खाली, हलकं ते वर, आणि सगळ्यांत जड ते चाकांच्या जवळ. म्हणून नव्वद लिटरची पाण्याची टाकी त्याने माझ्या फरशीखाली बसवली आणि चादरी वरच्या कप्प्यांत ठेवल्या. उलटं केलं असतं, तर प्रत्येक वळणावर मी झिंगल्यासारखी डुलले असते. गॅसच्या सिलिंडरसाठी त्याने वेगळं कपाट केलं आणि त्याच्या तळाला बाहेर उघडणारी जाळी ठेवली. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळलाच तर तो खाली साचतो. खाली वाट असेल, तर तो निमूटपणे बाहेर जातो.

सुताराची बायको त्याच्याहून काटेकोर. प्रत्येक कपाट झालं की ती त्यात हात घालून बघे.

"हा कोपरा बंद करू नका," ती म्हणायची.

"कोण बघतंय तिथे?"

"बघत कुणी नाही. पुसायचं मला आहे."

तिच्यामुळे माझ्यात असा एकही कोपरा नाही जिथे हात पोचत नाही. मित्रांनो, हात पोचतो तिथेच निगा पोचते.

त्या दोघांबरोबर मी पुष्कळ हिंडले. मग त्यांचं वय झालं आणि मी त्यांच्या अंगणात सहा वर्षं उभी राहिले. कुणी वाईट वागलं नाही मला. नुसतं कुणी वागलंच नाही. बसून खाल्लं तर डोंगरही पुरत नाही म्हणतात. मी सांगते, नुसतं बसलं तर लोखंडही पुरत नाही. छतावरच्या सांध्यांतला रबरी लेप उन्हाने तडकला. त्या केसाएवढ्या फटीतून पाणी आत आलं आणि वरचं प्लायवूड पापडासारखं फुगलं. टायर एकाच जागी दबून चपटे झाले. शेगडीच्या नळीत एका कोळ्याने संसार थाटला. मोठी संकटं धाडकन येतात असं तुम्हाला वाटत असेल. माझ्याकडे ती थेंबाथेंबाने आली.

मग एके दिवशी मला विकत घ्यायला आत्या आली.

आत्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. तिच्याबरोबर तिचा धाकटा भाऊ होता. तो शिंपी, गळ्यात कायम टेप. आणि त्याची मुलगी, म्हणजे आत्याची भाची. ती लिफ्ट दुरुस्त करण्याचं काम करते. तिने माझ्याकडे बघितलं, टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले आणि हसली.

"आत्या, हे टायर माझ्या दहावीच्या वर्षातले आहेत."

टायरवर शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. नक्षी कितीही नवी दिसली तरी रबराचं वय त्या आकड्यांत असतं. त्याच महिन्यात मला नवे टायर आले.

आत्याला माझी गरज का पडली, ते सांगते. डोंगरावर एक पठार आहे. तिथे वर्षातून पाचच दिवस एक निळं, नखाएवढं फूल येतं. ते सकाळी उमलतं, दुपारी मिटतं आणि मिटलेलं फूल पुन्हा उमलत नाही. आत्या दहा चौकोन आखून रोज सकाळी नऊ ते अकरा ती फुलं मोजते. पाचही दिवसांची बेरीज झाली तरच ते वर्ष धरायचं. एक दिवस चुकला की ते वर्ष वाया. अशी अकरा वर्षं तिने तंबूत राहून मोजणी केली होती. बारावं वर्ष झालं की फुलं खरोखर कमी होतात की नाही, ते तिला छातीठोकपणे सांगता येणार होतं. पण आता तिचा गुडघा तंबूत वाकायला तयार नव्हता. पठारापासून गाव तीन तासांवर, तिथे विजेची तार नाही आणि फोनही लागत नाही.

भाचीने चार महिने सुट्टीच्या दिवशी माझ्यावर काम केलं. छताचे सांधे खरवडून नवा लेप दिला. गॅसच्या प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघितलं. एका ठिकाणी आले, तो जोड तिने बदलला. दिवे, फ्रिज आणि पाण्याचा पंप चालवायला एक मोठी बॅटरी बसवली, तिचे व्होल्ट दाखवणारा मीटर लावला आणि बॅटरी भरायला छतावर सौर पॅनल लावलं. इंजिनाची बॅटरी वेगळी ठेवली, म्हणजे घर अंधारात गेलं तरी गाडी सुरू व्हावी. भावाने छत्रीच्या कापडाचा मांडव शिवला आणि पडदे शिवताना मला तीन वेळा मोजलं. तो मला 'बाईसाहेब' म्हणतो.

निघायच्या दिवशी भाचीने कपाटाच्या दाराला आतून एक पुठ्ठा लावला. त्यावर लिहिलं होतं: स्वयंपाक करताना खिडकी उघडी ठेवणे. सांडपाणी जमिनीवर न ओतता टाकीत साठवून खाली आणणे. रोज सकाळी बॅटरीचा आकडा इथे खाली लिहिणे.

"आणि आत्या, एक शब्द दे. हा आकडा बाराच्या खाली गेला, तर तुम्ही दोघं मुकाट्याने खाली यायचं. त्या बॅटरीला बाराखाली रिकामं केलं की ती कायमची बिघडते. मग वर ना दिवा, ना पाणी, आणि मला इथे घास उतरणार नाही."

"मोजणी अर्धवट राहिली तरी?"

"राहिली तरी."

आत्याने पुठ्ठा पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाली, "दिला शब्द."

पठारावर पोचलो तेव्हा माझा आनंद काय वर्णावा. वाऱ्याला अडवायला काही नव्हतं. भावाने मला एका मोठ्या झाडाखाली उभं केलं, चाकांखाली फळ्या सरकवून मला समतल केलं आणि मोरीत पेलाभर पाणी ओतून ते बरोबर भोकाकडे जातं का, ते बघितलं.

"बाईसाहेबांना सावली आणि आपल्याला गारवा," तो म्हणाला.

इथेच चूक झाली, आणि ती आम्हा तिघांनाही कळली नाही.

पहिल्या दिवशी आठ वाजता चहा घेताना आत्याने आकडा वाचला. तेरा पॉइंट दोन. दुसऱ्या दिवशी आठला, तेरा पॉइंट एक. तिसऱ्या दिवशी तेरा. भाऊ खूश. बॅटरी तुडुंब भरलेली आहे, म्हणून त्याने फ्रिज आणखी गार केला आणि रात्री दिव्याखाली बसून बहिणीच्या टोपीला नवी झालर शिवली. आत्या चौकोनांमागून चौकोन मोजून यायची आणि तिचा चेहरा बघण्यासारखा असायचा. दुसऱ्याच दिवशी फुलांचा आकडा गेल्या वर्षीच्या त्या दिवसापेक्षा जास्त भरला होता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भांडी घासताना पंप घरघरला आणि नळाची धार सुतासारखी झाली. दिवा पिवळा पडला.

"ताई, आकडा बघ बरं."

आत्याने बघितलं. "अकरा पॉइंट आठ."

भावाने हातातलं ताट खाली ठेवलं. "झालं. आवरतो मी सामान."

"थांब."

"थांब काय? पोरीला शब्द दिलास तू. मी साक्षीला होतो."

"अरे, सकाळी तेरा आणि संध्याकाळी अकरा. बॅटरी काय लिफ्टने वरखाली जाते?"

"ते मला विचारू नकोस. मी कापड मोजतो, वीज नाही."

आत्या पायरीवर बसली. बराच वेळ ती पुठ्ठ्याकडे बघत होती, मग झाडाकडे, मग माझ्या छताकडे. आणि एकदम हसायला लागली.

"काय झालं?" भावाने काळजीने विचारलं.

"कॉलेजात एकाने संध्याकाळी चार वाजता जाऊन फुलं मोजली होती आणि लिहिलं होतं, फुलं शून्य. त्याला मी सगळ्या वर्गासमोर झापलं होतं. तेच मी तीन दिवस करतेय."

मित्रांनो, गोष्ट अशी होती. त्या झाडाखाली ऊन फक्त सकाळी तासभर तिरपं येत होतं. पॅनलवर ऊन असलं की ते बॅटरीत वीज ढकलतं आणि मीटरचा आकडा वर चढतो. तो भरलेपणाचा आकडा नसतो, ढकलण्याचा असतो. आणि आत्याचा चहा नेमका त्याच तासात. नऊनंतर दिवसभर सावली, म्हणजे भरणं जवळजवळ बंद आणि खर्च चालूच. तसंच पंप चालू असताना आकडा आहे त्यापेक्षा खाली दिसतो. जिना चढून आलेल्या माणसाची नाडी मोजून त्याला ताप आहे म्हणावं, तसं ते. तेरा खोटा होता, पण अकरा पॉइंट आठही खरा नव्हता.

"सगळं बंद कर," आत्या म्हणाली. "फ्रिजसुद्धा. रात्रभर तिला पडू दे. ऊन यायच्या आधी जो आकडा येईल तो खरा."

"आणि तो बाराच्या खाली निघाला तर?"

"तर आपण खाली जायचं. आकडा आवडला नाही म्हणून बदलता येत नाही."

फ्रिजमधलं दूध भावाने उकळून दोघांनी संपवलं. ती रात्र मी दिव्याशिवाय काढली. बॅटरीला इतकी शांत झोप बऱ्याच दिवसांनी मिळाली होती.

सहाला आत्या उठली. पूर्वेकडे नुसतं फटफटलं होतं. भाऊ तिच्या मागे येऊन उभा राहिला. काल सामान आवरणारा तोच, पण आता त्याचा सूर वेगळा होता.

"ताई, अकरा वर्षं झाली गं. जरा दोन तास थांब की. ऊन येईल, आकडा तेरा होईल. पुठ्ठ्यावर नुसतं 'सकाळी' लिहिलंय."

"तो आकडा सूर्याचा असेल. मी शब्द बॅटरीचा दिलाय."

तिने मीटरचं बटण दाबलं.

"बारा पॉइंट एक," आत्या म्हणाली.

भावाने गळ्यातल्या टेपवर पहिली रेघ दोन बोटांत धरून तिला दाखवली. "एवढंच कापड उरलंय."

"पुरेल. पण तुला नीट बेतावं लागेल."

आणि त्याने बेतलं. आधी मला झाडाखालून काढून उघड्यावर नेलं आणि पुन्हा समतल केलं. छतावर चढून पॅनलवरची धूळ आणि पाखरांची शीट ओल्या फडक्याने पुसली. तीन दिवसांत तिथे पीठ मळता येईल एवढी धूळ बसली होती. उन्हाच्या बाजूला त्याने आपला मांडव ताणला, म्हणजे ऊन पॅनलला आणि सावली माणसांना. फ्रिज बंदच ठेवला. पंपाला सुट्टी दिली आणि टाकीच्या तळाचा निचऱ्याचा कॉक उघडून बादलीने पाणी घेतलं. टाकी सुताराने खाली बसवली होती खरी, पण बादली तिच्याहूनही खाली होती, आणि पाण्याला खाली यायला वीज लागत नाही. दिव्याचं काम त्याने दिवसा उरकलं. तेवढ्या वेळात आत्या चौथ्या दिवसाची मोजणी करून आली आणि तिने मांडवाखाली पाय पसरले.

पाचव्या दिवशी सहाला आकडा आला बारा पॉइंट चार. भावाने तो स्वतः वाचला आणि परत एकदा वाचला. अकरा वाजता आत्याने दहाव्या चौकोनातलं शेवटचं फूल मोजलं. बारा वर्षांतलं हे तिसरं चांगलं वर्ष होतं. फुलं कमी होत नव्हती. ती एखाद्या वर्षी कमी, एखाद्या वर्षी जास्त येत होती, पण टिकून होती. आत्या गुडघ्यामुळे नाचू शकत नव्हती, म्हणून भाऊ नाचला. त्याच्या नाचाबद्दल मी काही बोलत नाही, मी त्यांचं मीठ खाल्लं आहे.

खाली आलो तेव्हा भाचीने आधी दोघांना मिठी मारली आणि लगेच कपाटाचं दार उघडलं. पुठ्ठ्यावरचे पहिले तीन आकडे आत्याने खोडले नव्हते. त्यांच्यापुढे लिहिलं होतं: चुकीच्या वेळी घेतलेले, गाडी सावलीत.

"हे पुसून टाकलं असतंस तर मला कळलंही नसतं," भाची म्हणाली.

"म्हणूनच नाही पुसले."

भाचीने खिशातलं पेन काढलं आणि 'रोज सकाळी' या शब्दांपुढे लिहिलं: ऊन येण्याआधी, सगळं बंद करून. मग म्हणाली, "वेळ लिहायची मीच विसरले होते, आत्या. अर्धी चूक माझी."

"अर्धी घे," आत्या म्हणाली, "पण सावली तुझ्या बापाची."

मित्रांनो, आता माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात माझ्यासारखी गाडी नसेल, पण एखादी सायकल, एखादं शिवणयंत्र, एखादी बॅटरी असेलच. आम्हाला उभं ठेवून विसरू नका. आणि आमची विचारपूस कराल, तेव्हा आम्ही राबत असताना किंवा कुणी आम्हाला भरवत असताना करू नका. आधी थोडं थांबू द्या, दम खाऊ द्या, मग विचारा. आम्हाला खोटं बोलता येत नाही. तुम्ही शांत वेळी विचारलंत, की आमच्यात किती उरलं आहे ते आम्ही बिनचूक सांगतो, आणि तेवढ्यात तुमचं काम कसं पुरं करायचं, ते मग आपण मिळून बघतो.