एका हाताने उघडणारी पिशवी

आमच्या धाकटीचं लग्न दोनदा ठरून दोनदा मोडलं आणि तिसऱ्यांदा एकदाचं लागलं, त्या वर्षीची ही गोष्ट. लग्नाला दोन आठवडे होत नाहीत तोच आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय फरफटायला लागला, आणि बोलणं इतकं आटलं की जे चार शब्द उरले, त्यातले दोन माझ्यावर ओरडायचे होते.

दवाखान्यात नर्स चमच्याने भरवायला आली तेव्हा ह्यांनी तोंड मिटून घेतलं. दात आवळलेले, डोळे छताला लावलेले. दोन दिवस असेच. मी भरवून पाहिलं, थोरल्याने पाहिलं, सून तर रडकुंडीला आली. तिसऱ्या दिवशी नर्सने कंटाळून ब्रेडचा तुकडा ह्यांच्या डाव्या हातात कोंबला आणि शेजारच्या खाटेकडे वळली. तो ह्यांनी खाल्ला. मग डावा हात वर करून एवढंच म्हणाले, "माझा. हात."

म्हणजे स्वतःच्या हाताने घेईन तर खाईन, नाहीतर नाही. दवाखान्यातून आम्ही ह्यांना आणलं तसा हा हट्टही घरी आला.

घरी सोडताना डॉक्टरांनी एक गोळी लावून दिली. रोज सकाळी, काहीतरी खाऊन. रिकाम्या पोटी घेतली तर पोटाला त्रास, आणि नाही घेतली तर दुसरा झटका. सून औषधांच्या दुकानात काम करते. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "आई, बाकीच्या गोळ्या एक वेळ पुढेमागे झाल्या तर चालेल. ही एक दिवससुद्धा चुकवायची नाही." मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज 'घेतली' असं लिहायला लागले. माझं अक्षर मोठं, चौकटीत मावायचं नाही. सोमवारची गोळी मंगळवारात शिरायची.

हे बेकरीत एकतीस वर्षं भट्टीवर होते. पहाटे पाचला डोळा उघडायचा म्हणजे उघडायचाच. भिंत धरत धरत स्वयंपाकघरात जायचं, ब्रेडच्या पिशवीतून दोन स्लाइस काढायचे, दुधात बुडवून खायचे आणि गोळी घ्यायची. त्या वेळी कुणी आत यायचं नाही. मी नुसती दाराशी गेले तरी माशी हाकलल्यासारखा डावा हात हलवायचे. "बाहेर." मग मी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून प्लास्टिकचा आवाज ऐकत राहायची. चुरचुर, चुरचुर, मग शांत. शांत झालं म्हणजे पिशवी उघडली, किंवा मग हे हरले. बाहेरून दोन्ही सारखंच ऐकू येतं.

एकदा मी शहाणपणा केला. झोपायच्या आधीच दोन स्लाइस ताटलीत काढून वर वाटी पालथी घातली. सकाळी बघते तर वाटी तशीच, ताटली तशीच. "कुत्र्याला," हे म्हणाले. पुढचं वाक्य जमलं नाही, पण मला कळलं.

तर सगळं घोडं पिशवीच्या तोंडाशी येऊन अडलं होतं.

आमच्या घरात जितकी माणसं, तितक्या पिशवी बंद करायच्या पद्धती. थोरला रबर लावायचा, तेही तीन वेढे देऊन. सून गाठ मारायची. तिचं मुंग्यांशी वैर होतं, आणि त्यात तिची काही चूक नव्हती. आमच्या ओट्यावर साखरेचा दाणा पडायच्या आधी मुंगी हजर असते. पण रबर डाव्या हाताने निघायचं नाही, आणि गाठ तर नाहीच नाही. मग हे दात लावायचे. पिशवी बुडाशी फाडायची, की दुपारपर्यंत ब्रेडचं लाकूड आणि त्यावर मुंग्यांची रांग. दात बसले नाहीत त्या दिवशी उपास. उपास म्हणजे गोळी नाही. मी कॅलेंडरवर 'नाही' लिहायची.

"बाबा, पिशवी फाडू नका हो," सून म्हणायची. "मला हाक मारा, मी उठून काढून देते."

"नको."

"मग मी ब्रेड फ्रिजमध्ये ठेवते. निदान मुंग्या तरी लागणार नाहीत."

ह्यावर हे खुर्चीतून अर्धे उठले. "म्हातारा होतो!"

"फ्रिजमध्ये ब्रेड लवकर शिळा पडतो म्हणतायत," मी सुनेला सांगितलं. "भट्टीवाल्यासमोर ब्रेड फ्रिजमध्ये ठेवण्याचं नाव काढू नकोस, बाई. एक वेळ मला फ्रिजमध्ये ठेव."

"तुम्ही मावणार नाही, आई," ती म्हणाली आणि फणकाऱ्याने चपला घालून कामाला गेली.

थोरला विजेचे मीटर दुरुस्त करतो. जगातलं सगळं काही स्क्रू फिरवून ठीक होतं असं त्याला वाटतं. एका रविवारी तो कपड्यांचे चिमटे घेऊन आला. "हे बघा, बाबा. चिमटा एका हाताने उघडतो की नाही?" त्याने दाबून दाखवला. दुसऱ्या हाताने पिशवी धरली होती.

"तो दुसरा हात खिशात घाल," मी म्हटलं.

त्याने घातला. चिमटा दाबून ओढला तशी पिशवी चिमट्याबरोबर आली आणि अख्खा ब्रेड फरशीवर पसरला. हे हसले. झटक्यानंतर पहिल्यांदाच. थोरला लाल झाला. "हसा तुम्ही. माझं डोकं फिरायची वेळ आली इथे."

डबा आणला. घट्ट झाकणाचा उघडेना, सैल झाकणाच्या डब्यात मुंग्या शिरल्या. असं करता करता बारा दिवस गेले आणि कॅलेंडरवर 'नाही' पाच वेळा लिहून झालं. तपासणीला नेलं तेव्हा डॉक्टर ह्यांच्याकडे न बघता आम्हाला म्हणाले, "खाणं असंच राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल. त्यातूनच गोळी देऊ."

हे बहिरे नव्हते. रिक्षात बसल्यावर ह्यांनी डाव्या हाताने स्वतःचं नाक झाकलं ते घर येईपर्यंत काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी घर रिकामं झाल्यावर मी टॉवेलने माझा उजवा हात कमरेशी बांधून घेतला आणि ओट्यासमोर उभी राहिले. रबर, चिमटा, गाठ, तार, एकेक करून पाहिलं. दहा मिनिटांत मला घाम फुटला आणि तोंडातून असे शब्द निघाले जे मी बेकरीतलं माझं काम सोडल्यापासून वापरले नव्हते. तेवढ्यात विसरलेला जेवणाचा डबा न्यायला सून परत आली.

"आई! हे काय चाललंय?"

"तुझ्या सासऱ्यांची परीक्षा देतेय. नापास झालेय."

तिने माझा हात सोडवला. डबा उचलला आणि कामाला पळाली. पण मला दोन गोष्टी कळल्या होत्या. एक, हात एकच असला की उघडणं सोपं असतं, धरणं अवघड. दुसऱ्या हाताचं काम कुणीतरी करायला हवं. मी पिशवी खोलगट पातेल्यात उभी केली. आता ती सरकेना. पातेलं पाण्याच्या परातीत ठेवलं. आता मुंगी येईना. दुसरं म्हणजे, पिशवीला काहीही लावायचंच नाही. रबर नको, चिमटा नको.

बेकरीत मी पॅकिंगला होते. ह्यांच्याच बेकरीत, सव्वीस वर्षं. कामगारांना घरी न्यायला जो मोडका, वाकडा ब्रेड मिळायचा, त्याच्या पिशवीला तार लावायची परवानगी नव्हती. मग आम्ही बायका तोंडाला पीळ द्यायचो आणि वरचं उरलेलं प्लास्टिक मोज्यासारखं उलटं करून ब्रेडवरच ओढायचो. त्याला आम्ही टोपी म्हणायचो. "टोपी घातली का गं?" असं एकमेकींना विचारून खिदळायचो, कारण टोपी मालकालाच घातल्यासारखी वाटायची. ती टोपी वर ओढली की पीळ आपोआप सुटतो. एक हात पुरतो. इतके दिवस हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही, ह्याचाच मला राग आला.

त्या संध्याकाळी मी पिशवीला टोपी घातली. झोपताना ह्यांना सांगितलं, "उद्या नुसतं वर ओढा." ह्यांनी मान हलवली.

पहाटे मी खुर्चीवर बसले. चुरचुर. चुरचुर. चुरचुर. मग पातेलं आपटल्याचा आवाज. मी आत धावले. परातीतलं पाणी फरशीभर, पिशवी जशीच्या तशी, आणि हे ओट्याला टेकून उभे.

"पॅकिंगवाली!" हे ओरडले.

आता भट्टीवाले आणि पॅकिंगवाल्या ह्यांचं भांडण म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही, त्याला ही शिवी कळायची नाही. ब्रेड निवल्याशिवाय पिशवीत भरायचा नसतो. पण गाडी दारात उभी असली की आम्ही गरमच भरायचो, पिशवीत वाफ धरायची, ब्रेडला बुरशी यायची आणि बोलणी भट्टीवाल्यांना बसायची. हे घरी येऊन म्हणायचे, "आम्ही भाजतो आणि तुम्ही त्याचा गळा आवळता." सव्वीस वर्षं ते ऐकून घेतलं होतं. त्या पहाटे नाही घेतलं.

"हो, पॅकिंगवाली! त्या पॅकिंगच्या जिवावर ही पोरं शिकली! तुमच्यासाठी हात बांधून घेतला मी काल, ठाऊक आहे? कुणी चमच्याने दिलेलं चालत नाही, ताटलीत ठेवलेलं चालत नाही. मग घाला नळी नाकात!"

बोलून गेले आणि जीभ चावली. हे खाली बसले, पिशवी डाव्या हाताने उचलून माझ्यासमोर धरली आणि बोटाने पीळ दाखवला.

चार वेढे होते. आणि पिशवीत हवा अजिबात नव्हती. प्लास्टिक ब्रेडला कातडीसारखं चिकटलेलं. मी मुद्दाम नव्हतं केलं. माझा हात तसाच चालतो. हवा दाबून काढायची, चार वेढे, गच्च. सव्वीस वर्षं रोज हजारो पिशव्या. पीळ कमी झाला की सुपरवायझर पिशवी परत फेकायचा.

"हवा," हे म्हणाले. "बोट. जागा."

बोट घालायला जागा हवी, म्हणून हवा राहू द्यायची. एवढंच. त्या दिवशी दुपारी मी पन्नासदा तरी पिशवी बंद केली असेल. दोनच वेढे द्यायचे ठरवून हात लावायची, आणि बघते तर चार. हवा ठेवायची म्हणून पिशवी फुगवायची, आणि शेवटच्या क्षणी तळहात आपोआप दाबायचा. मी स्वतःच्या हाताला चापट मारली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं झालं. जिला घरात सगळ्यांत चांगली पिशवी बंद करता येते, तिच्याच हातची पिशवी उघडत नव्हती.

संध्याकाळी सून आली. दमलेली, तोंड उतरलेलं. मी तिच्यापुढे पिशवी ठेवली. "हिला टोपी घाल."

"आई, मला नाही येत ते तुमचं. तुम्हीच करा."

"येत नाही म्हणूनच तू कर."

"आता ह्याला काय म्हणायचं? आजपण 'नाही' लिहिलंय तिथे. सहा झाले, आई! मी दुकानात दिवसभर लोकांना सांगते गोळी चुकवू नका, आणि माझ्याच घरात..." तिचा आवाज फाटला. रागाने तिने पिशवी ओढून घेतली, एक अर्धवट वेढा दिला, प्लास्टिक कसंबसं उलटं केलं आणि पातेल्यात टाकली. "घ्या. घातली टोपी."

पिशवी फुगलेली, तोंड वाकडं. बेकरीत असली पिशवी मी टेबलावर येऊ दिली नसती. माझे हात शिवशिवत होते ती नीट करायला. मी ते काखेत दाबून बाहेर जाऊन बसले.

पहाटे चुरचुर एकदाच झाली. मग दुधाच्या पेल्यात चमचा वाजला. मी उठले नाही. थोड्या वेळाने हे भिंत धरत बाहेर आले, मिशीला दूध लागलेलं, आणि सुनेच्या खोलीकडे बोट करून म्हणाले, "हिचा हात. चांगला."

सव्वीस वर्षांत माझ्या हाताला असं कधी म्हटलं नव्हतं. अंगाचा तिळपापड झाला माझा. मी कॅलेंडरपाशी जाऊन 'घेतली' असं लिहिलं, इतकं दाबून की कागद फाटला.

तेव्हापासून पिशवी सुनेनेच बंद करायची असं ठरलं. ती कधी वैतागून करायची, कधी फोनवर बोलत करायची, आणि जितकं लक्ष कमी तितकी पिशवी चांगली उघडायची. थोरल्याने एकदा हात लावला तर हे त्याच्यावर खेकसले. नळीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. माझ्याशी मात्र हे ब्रेडबद्दल एक शब्द बोलले नाहीत, आणि मीही बोलले नाही. मला अजूनही वाटतं की दोन वेढ्यांवर माझा हात आणखी पंधरा दिवसांत बसला असता. कुणी बसू दिला नाही.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीच्या अकरा तारखेला, बुधवारी, सकाळी साडेदहाला ह्यांना दुसरा झटका आला आणि दवाखान्यात नेताना वाटेतच हे गेले. खाणं आणि गोळी पहाटेच झाली होती.