कंपनीची नव्हे, कंपनीला लावलेली

मी एक जुनी पांढरी मोटार आहे. मित्रांनो, माझ्या काचेवर 'फक्त ४८ हजार किलोमीटर' असं लिहिलं होतं. खरं सांगते, मी अडीच लाखांच्या वर धावले आहे.

नवी होते तेव्हा मालकाने मला पिवळी पाटी लावली आणि चाकणच्या एका कंपनीला भाड्याने लावलं. तिन्ही शिफ्टची माणसं आणायची, पोचवायची. कंटेनरच्या रांगांतून वाट काढत मी कधी कुणाचा हजेरीचा पंच चुकू दिला नाही. "हिच्यामुळे चहाला वेळ मिळतो," असं माणसं कौतुकाने म्हणायची. मग नव्या गाड्या आल्या आणि माझं सर्व्हिसिंग पुढे पुढे ढकललं गेलं. शेवटी भोसरीत जुन्या गाड्या विकणाऱ्या सनीभाऊने मला घेतलं. पाटी पांढरी झाली, रंग चढला. एका दुपारी कुणीतरी मीटरला वायर जोडून माझा आकडा खाली आणला. ब्रेकचं तेल झिरपत होतं, त्याकडे मात्र कुणी पाहिलं नाही.

एका रविवारी रविराज आणि वर्षाली हे जोडपं चार वर्षांच्या मिनलला घेऊन आलं. मिनलला दमा होता. रावेतहून दवाखान्यात दुचाकीवर नेताना धुळीने तो आणखी वाढायचा. दोन लाखांत बसेल आणि ऐनवेळी दगा देणार नाही अशी गाडी ते तीन रविवार शोधत होते.

"कंपनीची गाडी आहे, दादा," सनीभाऊ म्हणाला. "साहेबलोक वापरायचे. इंजिन चालू करून ऐका, मांजर झोपलंय नुसतं."

रविराज खूश झाला. "कंपनीची म्हणजे सर्व्हिसिंग वेळच्या वेळी."

"मग काय. घ्या चावी, हायवेला एक चक्कर मारून या. वहिनी, बसा."

मिनलला मांडीवर घेऊन वर्षाली मागे बसली, कारण रोजही ती मागेच बसणार होती. रविराजने चावी फिरवली. फाटकाबाहेर उतार होता आणि उताराखाली ट्रकची वर्दळ. मला थांबता येईल का, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. बंद पडावं म्हटलं, तर इंजिन नेमकं गुणी.

"थांब जरा," वर्षाली म्हणाली.

"आता काय?"

तिने सीट दाबून पाहिली. मधोमध खड्डा पडला होता. दाराच्या आतल्या हँडलचा रंग बोटांनी झिजून गेला होता.

"भाऊ, ही कंपनीची गाडी, का कंपनीला लावलेली?"

"एकच की, वहिनी."

"एक कसं? कंपनीच्या गाडीत साहेब एकटा बसतो. मी नोकरीला होते तेव्हा कंपनीला लावलेल्या गाडीत आम्ही मागे चौघी बसायचो. दोन वर्षं, रोज दोन वेळा. अशी सीट मला ओळखू येते."

"तुम्ही पोलिसात पाहिजे होता, वहिनी."

"आरसी दाखवा. आधी पिवळी पाटी होती ना?"

सनीभाऊ मोबाइलमध्ये पाहू लागला. रविराज हळूच म्हणाला, "अगं, पण चालतेय छान. आपल्या बजेटात आणखी काय मिळणार?"

"चालतेय ते दिसतंय. थांबते का बघ. इथंच ब्रेक दाबून धर."

त्याने पाय दाबून धरला. पेडल हळूहळू खाली जात थेट तळाला टेकलं. रविराजने इंजिन बंद केलं, चावी काढली आणि आधी मिनलला उतरवून घेतलं.

ते तिघे पुन्हा दुचाकीवरूनच गेले. मिनलच्या नाकावर रुमाल बांधला होता. मला वाईट वाटलं, पण छातीवरचा दगडही उतरला.

मित्रांनो, जुनं होण्यात लाज नाही. वेळेवर ब्रेक बघा, तेल बदला, आम्ही अजूनही तुम्हाला दवाखान्यात पोचवू. फक्त आमचं खरं वय लपवू नका. ते लपवलं, तर आमचं काय दुखतंय हे आमच्यात बसणाऱ्याला कळणार कसं?