लसूणघास ओ देईना

काहीतरी बिनसलंय, हे मला पहिल्यांदा जाणवलं ते मुळापाशी. मी हाक मारली आणि मूळ गप्पच.

मी जिवाणूंची काळी भुकटी बोलतेय. ‘मी’ म्हणावं की ‘आम्ही’, तेही नीटसं कळत नाही. चिमूटभरात आम्ही कोट्यवधी. प्रयोगशाळेत वाढले, पाकिटात बंद झाले. पाकिटावर लिहिलं होतं, ‘फक्त लसूणघासासाठी. थंड जागी ठेवा.’ काम ठरलेलं : त्याच्या मुळांवर गाठी करून राहायचं, हवेतलं नत्र त्याला द्यायचं, त्यानं मला साखर द्यायची.

मला आणलं दोन बहिणींच्या घरी. कॉलेजात शेती शिकलेल्या धाकटीनं मला फ्रीजमध्ये ठेवलं, तर थोरली ओरडली, “अगं, जिवाणू म्हणजे रोगच ना! लोण्याशेजारी कसली ठेवतेस?”

“मग दह्यात काय असतं, ताई?”

थोरली त्या दिवशी दह्याला शिवली नाही.

गायींच्या चाऱ्यासाठी लावलेला त्यांचा लसूणघास दोन वर्षं पिवळा पडत होता. थोरलीनं बजावलं होतं, “या खेपेलाही पिवळा पडला तर नांगर फिरवते. गायी मामा नेईल. दुसऱ्यांच्या बांधावरून भारे वाहून माझी कंबर गेली.”

धाकटीनं मला साखरेच्या पाण्यात कालवून बियांना चोळलं, सावलीत सुकवलं, पेरलं. बी रुजलं. मी हाक मारली. ओ नाही. शेजारच्या मुळालाही मारली. तेही घुम्मच! आवाज बसला का माझा? की पाकीटच चुकलं? लसूणघासच आहे ना हा? मी पुरती गांगरले.

महिन्याभरानं धाकटीनं एक रोप उपटून मुळं धुतली. एकही गाठ नाही. तिचे डोळे भरून आले. तेव्हा थोरली पुटपुटली, “रोपं फिकट दिसली गं. तू रडशील म्हणून मी गुपचूप दोनदा युरिया टाकला.”

“ताई! युरियातल्या नत्रानं पोट भरलेलं मूळ जिवाणूंना कशाला दारात उभं करेल?”

थोरलीनं ते रोप उचलून मुळं निरखली. “मग आता?”

“आता काही टाकायचं नाही. पिवळा पडला तरी. पंधरा दिवस.”

“मामा परवा येतोय.”

“त्याला म्हणावं, पंधरा दिवसांनी ये.”

लसूणघास पिवळा पडत गेला. हे बरं की वाईट, मला कळेना. थोरली रोज बांधावर यायची, मुठी आवळून उभी राहायची. बाई, तुमचा जीव खालीवर होतोय. माझाही होतोय. पण ती युरियाची मूठ तेवढी आवरा हो!

दहाव्या दिवशी एका कोवळ्या मुळाला मी भीतभीतच हाक मारली. त्याची केसाएवढी लव थरथरली. थांबली. मग हळूच वळली, आणि तिनं मला कुशीत घेतलं.