भात गिरणीचा शेअर

कार्तिक असून आभाळ भरून आलं होतं. आंदर मावळात सगळ्यांची एकच धांदल, पाऊस यायच्या आत खळ्यावरचं भात उचलायची. दत्तोबा आणि त्याची सून अनिता घरापुढंच घाम गाळत झोडणी करत होती, तेवढ्यात शेजारचा निवृत्ती हातातल्या विळ्यासकट बांध ओलांडून आला.

"भाऊ, माझ्या आज्याचा शेअर काढा."

दत्तोबाच्या हातातली पेंढी तशीच राहिली.

या दत्तोबाला जुन्या शेअरचे कागद जमवायचा नाद. लोणावळ्याला रेल्वेत गँगमन असताना एका बंगल्याच्या रद्दीत त्याला बुडालेल्या कापडगिरणीचा शेअर सापडला. भोवती वेलबुट्टी, वर धुराडं ओकणारी गिरणी. तेव्हापासून बंद पडलेल्या कंपन्यांचे कागद त्यानं पेटीभर जमवले. गाव हसायचं, निवृत्ती तर सगळ्यांत जास्त. पण मागल्या बाजाराला कामशेतच्या हॉटेलात दत्तोबानं कौतुकानं नवा कागद वाचून दाखवला: इंद्रायणी भात गिरणी कंपनी, साल एकोणीसशे अडतीस, भागधारक राघू लक्ष्मण. राघू म्हणजे निवृत्तीचा आजा.

"मेव्हणा म्हनला, ती कंपनी मोठ्या कंपनीनं घेतलीया. तुमी दडपून बसलाय."

"आरं, गिरणी मोडून सत्तर वर्सं झाली. रद्दीतनं इकत घेतलाय मी."

"रद्दीवाल्याच्या बापाचा व्हता का? नाव कुनाचं हाय त्यावर?"

"नाव तुझ्या आज्याचं, व्हय. पर कागद माझा हाय."

"काढता का पेटीला हात घालू?"

निवृत्ती ओसरीकडं वळला तशी अनिता दारात आडवी झाली. "विळा खाली ठेवा आदी! भात भिजाय लागलंय आन् तुमाला भांडान सुचतंय!"

पावसाचे थेंब खरंच टपटपू लागले होते. दत्तोबा आत गेला, हात पुसले आणि कागद घेऊन ओसरीवर आला. लांबूनच दाखवायचा त्याचा बेत होता. पण निवृत्तीनं विळा टाकून कागदावर झडप घातली. दोघांच्या हातात दोन कडा. जुना कागद, मधल्या घडीवर चर्र वाजला.

दत्तोबानं हात सोडला.

निवृत्ती दोन पावलं मागं कोलमडला. आता म्हातारा अंगावर येणार, म्हणून त्यानं खांदे आवळले. दत्तोबा एवढंच म्हणाला, "सदऱ्याच्या आत धर. भिजंल."

मग त्यानं भाताची पोती ओढायला घेतली. त्या दिवशी तो जेवला नाही.

आठवड्यानं निवृत्ती परत आला. ओसरीच्या खाली उभाच राहिला.

"पुन्याला कंपन्यांच्या हापिसात जाऊन आलो. कंपनी कुनीबी घेतली न्हाई. कायबी मिळत न्हाई म्हनं."

"मग आन हिकडं," दत्तोबा झटकन म्हणाला.

"न्हाई." निवृत्तीनं मान खाली घातली. "तितं एकाला मोडी येत व्हती. त्यानं खालची सही वाचली. गिरणीच्या पंच मंडळीत, म्हंजी कारभार बघनाऱ्यांत, आजा व्हता, भाऊ. स्वताच्या हातानं सही केलीया. आमच्या घरात समदी म्हनायची, त्यो अंगठाबहाद्दर."

दत्तोबाला सही दिसली होती. वाचता आली नव्हती.

"तवा ह्यो मी ठेवनार. कामशेतला लॅमिनेशन करून घेतो, भिताडाला लावतो."

"लॅमिनेशन?" दत्तोबा ताडकन उठला. "खुळा का काय तू! गरम मशिनीत घातला तर करपून जाईल त्यो! आन् भिताडाला लावून ऊन दाखवनार? शाई उडंल समदी!"

"मग कसा ठेवायचा?"

दत्तोबा आत वळून म्हणाला, "अनिता, दोन कप च्या टाक." आणि निवृत्तीला, "वर ये. पाय पुसून ये."